हाताने चालतो, क्रॉनमधून पडतो: डेव्हमधला बॅच जॉब असा लावा

बॅच जॉब म्हणजे माणसाशिवाय एका दमात चालणारं काम. तो डेव्हवर, म्हणजे डेव्हलपमेंटच्या मशीनवर, लावताना कनेक्शन डेव्हच्या डेटाबेसचं, मेल आणि एसएमएस बंद, इनपुट फाइल शे-दोनशे ओळींची. एवढं सगळेच करतात. फक्त कॉन्फिग फाइल सापडली नाही तर जॉबने तिथेच थांबावं. गुपचूप डीफॉल्ट पत्ता उचलणारा जॉब एक दिवस थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सिस्टिमवर, लिहून मोकळा होतो.

तारीख पॅरामीटरने द्या, घड्याळावर सोडू नका. नाहीतर २९ फेब्रुवारी तपासायला चार वर्षं थांबा.

आता खरी डोकेदुखी. टर्मिनलवर जॉब सुरळीत चालतो, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत, टाकला की काहीच होत नाही. लगेच कुणीतरी सांगतं, रूटने (सर्वाधिकारी युजरने) चालवा, फाइलींना ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) द्या. अजिबात ऐकू नका. बहुतेक वेळा परवानगीचा संबंधच नसतो. टर्मिनल उघडताना शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तुमची बॅश-आरसी ही सेटिंगची फाइल वाचतो आणि पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी), जावा होम (जावाचा पत्ता) वगैरे त्यातून येतं. क्रॉन ती फाइल वाचत नाही. त्याचा पाथ तोकडा, शेल साधा एसएच, आणि सुरुवात तुमच्या होम डिरेक्टरीतून. मग जावा सापडत नाही, आणि जॉबच्या फोल्डरमधली इनपुट फाइल तो भलतीकडेच शोधत बसतो.

अंदाज बांधत बसू नका. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) पाच तारे देऊन, म्हणजे दर मिनिटाला, सगळे व्हेरिएबल दाखवणाऱ्या एन्व्ह कमांडचं आउटपुट एका फाइलीत टाका. मिनिटभरात क्रॉनला नेमकं काय दिसतं ते समोर येईल. मग टर्मिनलवरच एन्व्हला मायनस आय लावून, म्हणजे आधीचे सगळे व्हेरिएबल बाजूला ठेवून, फक्त तेवढेच व्हेरिएबल देऊन जॉब चालवा. इथे पडला की कारण जागच्या जागी कळतं, रात्रीची वाट पाहायला नको. जे कमी पडेल ते स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहा आणि सगळे पाथ पूर्ण द्या. स्क्रिप्टमध्ये बॅश-आरसी सोर्स करण्याचा, म्हणजे ती फाइलच वाचून घेण्याचा, उपाय मला मान्य नाही. दुसऱ्याच्या मशीनवर तो टिकत नाही.

एक खोडी वेगळीच. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. लॉगच्या नावात तारीख घालायला डेट कमांड वापरली की ओळ मधेच तुटते. चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, किंवा ती कमांड स्क्रिप्टमध्येच ठेवा.

एरर आउटपुटही लॉगमध्येच वळवा. दोन रन एकमेकांवर चढू नयेत म्हणून फ्लॉक ही कुलूप लावणारी कमांड. आणि ती पाच ताऱ्यांची ओळ काम झाल्यावर काढून टाका.