गावाची लोक जैवविविधता नोंदवही कशी तयार करावी

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे आणि त्या समितीने स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी, पिके आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची वही, तयार करणे अपेक्षित आहे. पर्यावरणविषयक दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरवून दिल्यानंतर नोंदवह्या झपाट्याने तयार झाल्या. मात्र घाईत केलेल्या कित्येक नोंदवह्यांत शेजारच्या गावाचीच यादी उतरवलेली दिसते. अशा वहीचा गावाला काहीही उपयोग नाही. ज्यांना हे काम नव्याने किंवा पुन्हा नीट करायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

लेखी नोंद का महत्त्वाची, हे हळदीच्या प्रकरणावरून समजते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याबाबतचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घराघरांत हळद लावतात एवढे सांगून भागले नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून सादर करावे लागले. हळदीविषयी निदान असे लेखन उपलब्ध होते. आपल्या शिवारातील बहुतेक वनस्पतींविषयी ते नाही, कारण त्यांची माहिती फक्त माणसांच्या स्मरणात आहे.

केंद्राच्या २००४ च्या नियमांत समितीत एक तृतीयांश महिला असण्याची अट होती; समिती नेमताना महिलांचा सहभाग केवळ कागदावर ठेवू नये. बियाणे राखणाऱ्या, रानभाजी खुडणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांना जे ठाऊक असते, ते पंचायतीच्या बैठकीत बोलणाऱ्या पुरुषांना बहुधा ठाऊक नसते. गुराखी, वैदू, सुईण, मासेमारी करणारी कुटुंबे, मध काढणारे आणि वाड्या-पाड्यांवरील वृद्ध यांच्याकडे समितीने स्वतः जावे. त्यांना कार्यालयात बोलावून रांगेत बसवू नये. काम सुरू करण्यापूर्वी ग्रामसभेत ही वही कशासाठी आहे, तिच्यात काय लिहिले जाईल आणि ती कोणाच्या ताब्यात राहील, हे स्पष्ट सांगावे.

त्यानंतर शिवारफेरी काढावी. गावाच्या नकाशावर शेती, गायरान, सडा (कातळाचे पठार), ओढा, पाणवठे, देवराई आणि राखीव जंगल हे भाग वेगळे दाखवून प्रत्येक भागाची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी. सड्याला पडीक जमीन असे लिहू नये. एरवी ओसाड दिसणाऱ्या या कातळावर पावसाळ्यात फुलणाऱ्या अनेक वनस्पती दुसरीकडे कोठेही उगवत नाहीत, आणि पडीक असा शिक्का बसला की खाणीचा किंवा बांधकामाचा रस्ता सोपा होतो. देवराईची सीमा, देवतेचे नाव आणि तेथे पाळले जाणारे निर्बंध यांचीही नोंद करावी. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा ही श्रद्धेने राखलेली वने दुर्मीळ वनस्पतींचा आसरा असल्याचे त्यांनी दाखवून दिले होते.

एका फेरीत हे काम पूर्ण होत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला निघालेले, मासे ओढ्याने वर चढतात, त्याच सुमारास शेवळे ही रानभाजी जमिनीतून वर येते. टाकळा, कुर्डू आणि भारंगी त्यामागून येतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी पाणवठ्यांवर उतरतात. त्यामुळे किमान पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तीन वेळा त्याच वाटेने फिरणे आवश्यक आहे.

प्रत्येक नोंदीत स्थानिक नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहावे, मग अधिवास, उपयोग, उपयोगात येणारा भाग आणि पूर्वीची व आताची स्थिती लिहावी. शास्त्रीय नावाचा अंदाज कधीही करू नये. पान, फूल आणि फळ यांची छायाचित्रे घेऊन जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ओळख निश्चित करून घ्यावी आणि ती होईपर्यंत रकाना रिकामा ठेवावा. पिकांच्या बाबतीत केवळ ‘भात’ असे लिहून थांबू नये. काळभात, जिरवेल, रायभोग, घनसाळ यांपैकी कोणते वाण आजही पेरले जाते, ते कोणत्या जमिनीत येते, पाणी साचले तर टिकते का आणि बियाणे कोणाच्या घरी आहे, हे लिहावे. एखाद्या वाणाचे बियाणे एकाच घरी उरले असेल, तर ते त्याच हंगामात आणखी काही शेतांत पेरण्याची व्यवस्था समितीने करावी. वही पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते परस्परसंबंध, आणि माझ्या मते नोंदवहीचा गाभा तोच आहे. ठाणे, पालघर, रायगड या भागांत शेवळांची भाजी काकड या रानफळांचा आंबट रस घालून करतात, कारण तसे न केल्यास घशाला खाज सुटते. शेवळ जमिनीतून येते आणि काकड मोठ्या झाडाला लागते. झाडे तुटली, तर शेवळे उगवत राहूनही ती नीट खाता येणार नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीखाली ही वनस्पती कशासोबत वापरतात, तिच्यावर कोणते पक्षी वा किडे येतात आणि ती नाहीशी झाली तर आणखी काय थांबेल, हे प्रश्न अवश्य विचारावेत.

औषधी ज्ञानाबाबत विशेष दक्षता घ्यावी. वैदूची संमती असेल तेवढेच लिहावे. अमुक वनस्पती जनावरांच्या आजारावर वापरली जाते, एवढी नोंद पुरेशी आहे. प्रमाण आणि कृती सांगायची की नाही, हा त्याचा अधिकार आहे. वहीची प्रत बाहेरच्या व्यक्तीला किंवा कंपनीला परस्पर देऊ नये, तिची छायाचित्रेही काढू देऊ नयेत. व्यापारी उपयोगासाठी जैविक संसाधने गोळा करणाऱ्यांकडून शुल्क आकारण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ४१ नुसार समितीला आहे. हिरड्यासारखा माल जेथून बाहेर जातो, त्या गावांनी या तरतुदीविषयी नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे विचारणा करावी.

नोंदीतून एखादी असाधारण जागा पुढे आल्यास तिला जैविक वारसा स्थळाचा, म्हणजे याच कायद्याखाली जपायच्या जागेचा, दर्जा मिळावा म्हणून प्रस्ताव पाठवता येतो. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी प्रजाती आढळल्यानंतर २०२१ मध्ये त्या परिसराला हा दर्जा मिळाला.

मसुदा तयार झाल्यावर तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, चुका तेथेच दुरुस्त कराव्यात आणि मंजुरीचा ठराव घ्यावा. मूळ प्रत ग्रामपंचायतीत ठेवून दरवर्षी पावसाळ्यानंतरच्या एका सभेत नव्या नोंदी जोडाव्यात. जे दिसेनासे झाले, ते वहीतून खोडू नये, तर ते शेवटचे कधी व कोठे दिसले, हे त्याच पानावर लिहावे.