गोळी चालू आणि अंगावर पुरळ: या चुका टाळा

जेफिटिनिब, एर्लोटिनिबसारख्या कॅन्सरवरच्या गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहऱ्यावर, डोक्यात, छाती-पाठीवर पुरळ उठतं. या गोळ्या गाठीतल्या ज्या ईजीएफआरला, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाला, अडवतात, ते त्वचेच्या आणि केसांच्या मुळांच्या पेशींतही असतं. पुण्यात डे-केअरला नर्स म्हणून हे मी रोज समजावते, तरी लोक मुरुमांचं जेल लावूनच येतात.

सिंहगड रोडचे एक काका. फुफ्फुसाचा कॅन्सर, गोळीचा दहावा दिवस. पू धरलेले फोड बघून पुतण्याने मेडिकलमधून बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल आणलं. आधीच कोरडी पडलेली कातडी त्याने आणखी सुकली, तीन दिवसांत गाल सोलले. शेजारणीने हळद-लिंबाचा लेप सुचवला, तोही लावला. मग काकांनी कुणाला न विचारता बारा दिवस गोळीच बंद ठेवली. ओपीडीत काकू रडत होत्या, "औषध बाधलं हो सिस्टर." डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोनचं स्टेरॉइड मलम आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, गोळी पुन्हा सुरू केली. तीन आठवड्यांत काका दाढी करू लागले. पण ते बारा दिवस गेलेच. एक फोन केला असता तर वाचले असते, याची मला अजून हळहळ वाटते.

दुसरी चूक, पुरळ येण्याची वाट बघणं. ईजीएफआरलाच अडवणाऱ्या पॅनिट्युमुमॅब या इंजेक्शनवरच्या 2010 सालच्या स्टेप अभ्यासात मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, स्टेरॉइड मलम आणि डॉक्सिसायक्लिन आधीपासून दिलं, तेव्हा मध्यम ते तीव्र त्रास 62 ऐवजी 29 टक्के लोकांना झाला. म्हणून मी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारायला लावते आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायला सांगते. घाई असलेल्यांना हे क्षुल्लक वाटतं. तसं ते नाही.

स्कूटरवर स्कार्फ बांधला की ऊन लागत नाही, हा पुणेरी समज सोडा. डॉक्सिसायक्लिनने ऊन जास्तच बाधतं. एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन हवंच. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको, आणि घेऊन लगेच आडवं होऊ नका.

नखुरडं उशिरा, महिन्या-दोन महिन्यांनी होतं. नखाकडेची कातडी कापू नका.

सोराफेनिब, रेगोराफेनिब या कॅन्सरच्या दुसऱ्या गोळ्यांनी तळहात-तळपाय दुखरे होतात, त्या घेणाऱ्यांनी टाचा वज्रीने घासू नयेत. युरियाचं मलम लावावं.

ताप, अंगभर मोठे फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा दिसल्या, तर फोनवर फोटो पाठवत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलला या, रात्र असली तरी.