वेडी बाभूळ काढायची तर आधी अवजारं ठरवा

जेसीबीवाल्याला फोन लावायच्या आधी रानात एक चक्कर मारा, आणि जाताना टिकाव घेऊन जा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव या कोरड्या पट्ट्यात पडीक माळावर आणि ओढ्याच्या कडेने वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं काटेरी झाड, प्रोसोपिस) माजली आहे. ती वर किती उंच दिसते यावर यंत्र ठरवायचं नसतं. एका झाडाच्या बुडाशी वीतभर खणून बघा. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे एक गाठाळ गड्डा लागेल. फुटवे त्यातूनच येतात. म्हणून तर जमिनीलगत छाटलेली बाभूळ पावसाळ्यानंतर एका खोडाऐवजी मूठभर काठ्या घेऊन उभी राहते, आणि पुढच्या खेपेला तिच्यात हातही घालवत नाही. आणायचं अवजार त्या गड्ड्याच्या खाली पोचतं का, हा पहिला प्रश्न. किती अश्वशक्ती, कुठली कंपनी, हे नंतर.

त्याच चक्करीत चुन्याची फक्की आणि लाल रंगाचा डबा जवळ असू द्या. राखायच्या झाडांना रंगाचा पट्टा मारा. आपली गावठी बाभूळ आणि वेडी बाभूळ लांबून सारखीच वाटतात, ड्रायव्हरला तर वाटतातच. गावठीला पिवळे गोल गोंडे येतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी दाण्यादाण्यात आवळलेली असते. वेडीला लोंबते फिकट तुरे येतात आणि शेंग पिवळसर, सपाट, जराशी वाकडी. हिवर आणि शमीही या गर्दीत सापडतात, ती ठेवा. अंजन, खैर, जांभूळ, चिंच, आंबा, मोह यांना तर परवानगीशिवाय हातच लावता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीतली ही झाडं, मग ती तुमच्या सातबाऱ्यातली का असेनात. जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आधी, महापालिका हद्दीत असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी. हे कागद झाल्याशिवाय यंत्राला इसार देऊ नका.

फक्की पाइपलाइनसाठी. आपल्याकडे विहिरीवरून, धरणाच्या काठावरून लांबलांब पाइप आणलेले असतात आणि ते कुणाच्या रानातून कुठे गेलेत हे म्हाताऱ्या माणसांनाच माहीत असतं. त्यांना रानात घेऊन जा, सांगतील त्या रेषेवर फक्की टाका. शेजाऱ्याचा पाइप फुटला तर त्या दिवसाची कमाई त्याच्या कांद्याच्या पाण्यात जाते. वरच्या वीजतारांकडेही बघून घ्या. जेसीबीचा मागचा हात पूर्ण उचलला की पुष्कळ वर जातो.

आता अवजारं. बोटाएवढी रोपं असतील तर यंत्र आणूच नका. पहिल्या दोन पावसांनंतर माती मऊ असताना ती हाताने, नाहीतर टिकावाच्या एका घावात मुळासकट येतात. मनगटाएवढ्या झाडांना टिकाव, पहार आणि कुऱ्हाड पुरते, पण माणसं हवीत. इथे ब्रश कटर (अंगाला अडकवून चालवायचं, गवत-झुडपं कापायचं यंत्र) घ्यायचा मोह होतो. करवतीसारखं गोल पातं लावलं तर तो तेवढी खोडं कापतो खरा, पण कापतो वरूनच. वाट मोकळी करायला, घाणेरी छाटायला ठीक. मांडीएवढ्या आणि त्यापुढच्या झाडांना मात्र जेसीबीशिवाय गती नाही.

जेसीबी ठरवताना ‘तासाला किती’ एवढंच विचारून फोन ठेवू नका. मागच्या बकेटचे दाते शाबूत आहेत का ते विचारा, आणि शक्य असेल तर अरुंद बकेट लावून आणायला सांगा. काम मागच्या हातानेच करून घ्यायचं: झाडाच्या एका बाजूला फूट-दीड फूट चर, मग दाते गड्ड्याखाली घालून उचल. पुढच्या रुंद बकेटने ढकलून घेतलं तर तासाभरात रान लख्ख दिसतं, ड्रायव्हर खूष, मालक खूष. पण खोड गड्ड्याच्या वर मोडलेलं असतं आणि वरची सुपीक माती बांधाला जाऊन बसलेली असते. माळावर माती असते किती, वीत-दोन वीत, खाली मुरूमच. ती गेली की गवतही गेलं. सुरुवातीची काही झाडं स्वतः उभं राहून काढून घ्या, गड्डा हातात घेऊन ड्रायव्हरला दाखवा. एकदा नजर बसली की मग सांगावं लागत नाही. मीटर सुरू करताना आणि बंद करताना आकडा दोघांनी बघायचा, आणि डिझेल कुणाचं ते आधी बोलायचं.

क्षेत्र मोठं आणि झाडं दाट असतील तर पोकलेन, म्हणजे मोठं खोदयंत्र, परवडतो. त्याला साखळी, त्यामुळे काट्याने पंक्चर होण्याची भानगड नाही. तो ट्रेलरवर येतो, त्या ने-आणीचा खर्च मात्र एक-दोन एकरांवर बसत नाही. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून पुष्कळजण विचारतात, तसला खोड कातरणारा जबडा इथे मिळेल का? टेक्सासच्या कुरणांमधली मेस्क्विट ही आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातली, आणि तिथेही नुसती वरून कातरली की ती पुन्हा फुटते. म्हणून तिथले पशुपालकही गड्ड्याखालून उपटणारी अवजारं वापरतात. तेव्हा जबड्याचा नाद सोडा. तालुक्याच्या गावी जे भाड्याने मिळतं आणि बिघडलं तर जागेवर दुरुस्त होतं, ते घ्या.

घरचा ट्रॅक्टर आहे म्हणून साखळी बांधून ओढायचा विचार असेल तर दोन गोष्टी. द्राक्षबागेत औषध फवारायला घेतलेला छोटा ट्रॅक्टर या कामाचा नाही. आणि मोठा असला तरी साखळी मागच्या, खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्याला) बांधा, वरच्या लिंकला कधीही नाही. वर बांधली आणि झाड हललं नाही, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. नायलॉनचा दोर नको, तुटला की चाबकासारखा मागे येतो. ओढ सुरू असताना साखळीजवळ कुणी थांबायचं नाही, पोरांनी तर रानातच यायचं नाही. आधी दोन बाजूंची मुळं पहारीने उघडी करून कुऱ्हाडीने तोडली, तर ओढायला जोरही कमी लागतो.

चेनसॉ लागतो तो झाड पाडून झाल्यावर, तुकडे करायला. सोळा-अठरा इंचाचा बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) पुरे. जादा चेन, गोल कानस, टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं पेट्रोल, चेनचं वेगळं ऑइल, हे सगळं डब्यात भरूनच रानात न्या. उपटलेल्या बुंध्याला माती चिकटलेली असते आणि मातीत चेन एकदा घासली की तिची धार गेली, म्हणून आधी कोयत्याच्या उलट्या बाजूने बुंधा झाडून घ्या. बारच्या टोकाने कापू नका, तो तोंडावर उसळतो. पूर्वी चालवलेला माणूस नसेल तर कुऱ्हाड बरी.

अंगावर काय, तर जाड चामड्याचे हातमोजे, डोळ्याला चष्मा, जाड तळाचे बूट. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, आणि आत मोडला की ठणका थांबत नाही. फांद्या ओढायला बेचकं असलेली लांब काठी करून घ्या. झुडपात फुरसं, घोणस असणारच. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आहे का ते आधी विचारून ठेवा आणि 108 सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. निफाडकडे, गोदाकाठी उसाच्या शेजारी अशी जाळी असेल तर आत बिबट्या असू शकतो. शंका आली तर काम थांबवून वनविभागाच्या 1926 वर कळवा.

वेळ कुठली? माझं मत दिवाळी ते नाताळ. मुरमात अजून ओल असते, गड्डा अख्खा निघतो. काळ्या रानात मात्र वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा ओल ओसरू द्या, नाहीतर जेसीबी रुतेल. एप्रिल-मेमध्ये शेततळी आणि गाळाची कामं निघतात, मग यंत्र मिळत नाही आणि मिळालं तर भाव चढलेला. त्यात शेंगाही तोवर पिकून गळतात. अडचण मजुरांची. पेठ-सुरगाण्याकडची माणसं द्राक्षाच्या छाटणीत अडकलेली असतात, त्यातून मोकळी होतात तोच उन्हाळी कांद्याची लागवड येते. म्हणून टोळीच्या मुकादमाशी बोलणं दसऱ्यालाच करून ठेवा आणि यंत्राची तारीख त्यानुसार लावा, उलट नाही.

लाकूड कुठे जाणार हेही यंत्र येण्याआधी ठरलेलं हवं. सरपणाला आणि कोळशाला गिऱ्हाईक मिळतं, पण गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतुकीचा पास लागेल का ते विचारा. काटेरी शेंडे बांधावर कुंपणाला टाका, शेंगा लागलेल्या फांद्या सोडून. शेळ्या-मेंढ्या शेंगा चवीने खातात आणि बी लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडून उगवतं. खतासाठी रानात मेंढरं बसवायची असतील तर ती कुठून चरून आलीत ते विचारायला लाजू नका.

खड्डे त्याच आठवड्यात बुजवून घ्या आणि उघड्या जागेवर पावसाच्या तोंडाशी मारवेल गवताचे ठोंब लावा; ते महिनाभर आधीच सांगून ठेवावे लागतात. बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून या यादीतला टिकाव भाड्याचा नको, विकत घ्या. श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा रानभर फिरायचं, दिसेल ते रोप बोटाएवढं असतानाच काढायचं, असं निदान तीन-चार वर्षं.