अलेक्झांडरच्या चांदीच्या नाण्यावर कोण आहे, हे कसे ओळखावे

नाणे कडेने धरा आणि वजन करा. अलेक्झांडरचे बऱ्या अवस्थेतले टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्मांचे चांदीचे नाणे, साधारण १७ ग्रॅम भरते. चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करायची खाज मात्र आवरा.

मागची बाजू सोपी. आसनावर बसलेला, एका हातावर गरुड नि दुसऱ्यात राजदंड, तो झ्यूस, ग्रीक देवांचा राजा.

पुढच्या बाजूला बहुतेकांची गाडी घसरते. सिंहाचे कातडे डोक्यावरून घेतलेला तरुण चेहरा दिसला की लोक ‘हा अलेक्झांडर’ म्हणून मोकळे होतात. विकणारेही तेच सांगतात. त्या नावाला गिऱ्हाईक लवकर मिळते. तो हेराक्लीझ आहे, नेमियाचा सिंह मारून त्याचे कातडे पांघरणारा ग्रीक पुराणकथांतला वीर. मॅसिडोनियाचे राजे स्वतःला त्याचे वंशज म्हणवत. चेहऱ्यात अलेक्झांडरची झाक आहे का, यावर अभ्यासकांना खुशाल भांडू द्या. त्याचा आजोबा तिसरा अमिंटस याच्या नाण्यांवरही सिंहाच्या कातड्यातला हेराक्लीझ आहे, आणि तेव्हा या नातवाचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

झिजलेल्या नाण्यावर आयाळ कुरळ्या केसांसारखी दिसते, म्हणून आधी चेहरा बघूच नका. उजेड बाजूने तिरपा पाडा आणि थेट हनुवटीखाली बघा. तिथे सिंहाच्या पंजांची गाठ मारलेली असते. ती सापडली की कपाळावर जबड्याची कड शोधा. दोन्ही जुळले, विषय संपला. त्याऐवजी कानाभोवती वळलेले मेंढ्याचे शिंग दिसले, तर तो खरोखर अलेक्झांडर. पण नाणे त्याच्या सेनापतीचे, लायसिमाकसचे. त्याच्या मागे झ्यूस नसतो, ग्रीक देवी अथेना बसलेली असते. डोक्यावर हत्तीचे कातडे असेल, तर तोही अलेक्झांडरच, इजिप्तच्या पहिल्या टॉलेमीने पाडलेला.

मग मागचे ग्रीक लिपीतले नाव वाचा. फिलिप असेल तर नाणे अलेक्झांडरच्या सावत्र भावाच्या, अऱ्हिडेयसच्या नावाचे; राजा झाल्यावर त्याने फिलिप हे नाव घेतले. अलेक्झांडर असेल तरी ते त्याच्या हयातीतले, असे धरून चालू नका: तो इ.स.पू. ३२३ मध्ये गेला, पण त्याच्या नावाची नाणी पुढे सुमारे दोनशे वर्षे पडत राहिली. झ्यूसचे पाय समांतर असतील तर नाणे बहुधा आधीचे, एक पाय मागे ओढलेला असेल तर बहुधा नंतरचे. खूण ढोबळ आहे, तिच्या भरवशावर पैसे मोजू नका.

शेवटी आसनाखालची आणि झ्यूससमोरची बारकी चिन्हे टिपून घ्या. टाकसाळ त्यांवरून ठरते. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘पेला’ या मोफत ऑनलाइन सूचीत ती ताडून बघता येतात.