बी उगवेना, रोपं टिकेना? या चुका टाळा

सोलापूरकडे भाजीच्या रोपांचा वाफा रिकामा राहिला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'बियाणं बोगस निघालं.' कधी ते खरंही असतं. पण दुकानदाराशी भांडायच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर बिया ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि गोणपाट ओलसर राहू द्या. टोमॅटो आठवडाभरात मोड दाखवतो, मिरची-वांग्याला दहा-बारा दिवस द्या. प्रमाणित बियाण्यात टोमॅटो, वांगी, कांद्याला किमान ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के उगवण लागते. तेवढे मोड आले तर खोट वाफ्यात आहे. कांद्याचं बी मात्र लवकर दम सोडतं. गेल्या वर्षीचं उरलेलं बी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून टाकू नका.

खरिपाच्या मिरचीसाठी आपण ऐन मे महिन्यात रोपं टाकतो. पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि रोपांचे काळे ट्रे नेमके स्लॅबवर किंवा पत्र्याशेजारी मांडलेले असतात. टोमॅटो-मिरचीला २५ ते ३० अंश मानवतं. ३५ च्या वर टोमॅटोची उगवण मंदावते. ट्रे कडुनिंबाखाली ठेवा, नाहीतर शेडनेट बांधा. पण कोंब वर दिसले की झाकलेला कागद, पाचट त्याच दिवशी काढा आणि रोपांना उजेड द्या. सावलीत राहिलेलं रोप उंच, पांढुरकं, लुकडं होतं आणि पहिल्याच वाऱ्याला झोपतं.

काळ्या मातीत खोली सांभाळा. ही बारीक बियाणी अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल नकोत. वरून तीच माती ओढली तर पाणी देताच ती आवळते, पापुद्रा धरते आणि कोंब खालीच अडकतो. चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत पसरा आणि पाणी झारीनंच द्या.

आता सगळ्यात जास्त रोपं मारणारी चूक: पाणी. ऊन दिसलं की हात झारीकडे जातो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी वर आणखी एकदा. वाफा कायम चिखल, वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, कधी येतच नाही. मग एके सकाळी चार रोपं आडवी दिसतात. एक उपटून बघा: पानं अजून हिरवी असतात, पण मातीलगतचं खोड तपकिरी, पाणचट आणि सुतासारखं बारीक झालेलं असतं. ही मर. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचं काम, आणि त्यांना ओल आणि दाटी दोन्ही हवंच असतं. पडलेलं रोप उठत नाही. भोवतालच्या मातीसकट काढून लांब टाका. पाणी सकाळीच द्या, म्हणजे रात्री वरची माती कोरडी राहते. गादीवाफा १५ सेंटिमीटर उंच करा, बी फेकू नका, ओळीत टाका. शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळणं चांगलंच, पण पाठोपाठ कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक ओतलंत तर ट्रायकोडर्मालाही फटका बसू शकतो. दोन्हींपैकी एकच काहीतरी निवडा.

वाफ्यावर पांढरी भुकटी आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसतात का? ते बोअरच्या पाण्यातले क्षार. उन्हाळ्यात बोअर खाली गेला की ते वाढतात. बरेच जण याला उपासमार समजून युरिया देतात; म्हणजे मिठावर आणखी मीठ. जमेल तर रोपांपुरतं कॅनॉलचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. ट्रेमध्ये भरायचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ही आधी चांगल्या पाण्यानं धुऊन घ्या, त्यातही क्षार असतात.

मिरचीची पानं वाफ्यातच आकसली तर फुलकिडे किंवा पांढरी माशी शोधा. पहिल्या दिवसापासून बारीक जाळीची नायलॉन नेट लावणं स्वस्त पडतं.

टोमॅटोचं रोप साधारण २५ दिवसांचं, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांचं लावा. ट्रेमध्ये जास्त रेंगाळलं तर मुळं गुंडाळतात. शेतात लागणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करत न्या, पण रोप कोमेजू देऊ नका. आणि लागण दुपारी चारनंतरच करा.