नदीचा तळ आधी चालून बघा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी प्रकल्पासाठी घोड नदीचा एक छोटा पट्टा निवडला. प्रश्न सोपा वाटत होता: पावसाळा संपल्यावर नदी भूजलाला पाणी देते, की भूजल नदीला? एका डोहाच्या शेवटी, जिथे पाणी उथळ होऊन गोट्यांवर येतं, तिथे पहिली नळी, म्हणजे तळाखालच्या पाण्याची पातळी दाखवणारा खालून उघडा पाइप, तळात ठोकली. नळीतलं पाणी नदीच्या पातळीपेक्षा दीड सेंटीमीटर खाली थांबलं. नदीचं पाणी मुरतंय, असं वहीत लिहून मोकळी झाले. पुढच्या आठवड्यात तीसेक पावलं खाली, खळखळाट संपतो तिथे दुसरी नळी ठोकली, तर तिच्यात पाणी नदीपेक्षा वर. नोंदी दोन्ही बरोबर होत्या. एका नळीवरून अख्ख्या नदीबद्दल बोलले, ती चूक माझी.

डोहातलं पाणी जवळजवळ सपाट असतं आणि गोट्यांच्या उंचवट्यावरून एकदम उतरतं. उंचवट्याच्या वरच्या बाजूला पातळी जास्त, खालच्या बाजूला कमी. त्यामुळे काही पाणी वरून न वाहता गोट्यावाळूच्या आतून जातं आणि खाली पुन्हा वर येतं. वाळूच्या हातभर लांब लाटांमध्येही असंच होतं. तिथे प्रवाह लाटेच्या समोरच्या उतारावर आपटून दाब वाढवतो आणि पाठीमागे तो कमी पडतो. असं आत शिरलेलं पाणी बहुतेक वेळा काही तासांत किंवा दिवसांत नदीतच परततं, विहिरींपर्यंत पोचत नाही. तळाखालच्या ज्या थरात ही देवघेव होते, त्याला ‘हायपोरेइक’ हे नाव रुमानियाच्या ट्रायन ओर्गिदान यांनी १९५९ मध्ये दिलं. खरं भूजल जोरात वर येत असेल, तर ही देवघेव आक्रसते. म्हणून काठच्या विहिरींची पातळीही त्याच दिवशी मोजायची.

तुम्ही हे काम सुरू करणार असाल, तर नळ्या घरी ठेवून पहिले दोन दिवस ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (खुणांची पट्टी) घेऊन तळाचा लांबीचा छेद, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तळाच्या चढउतारांचा आलेख, काढा. डोह, उंचवटे, उघडा कातळ, सगळं त्यात येऊ द्या. आपल्याकडे कातळ विसरून चालत नाही. घोडला मिळणाऱ्या कुकडीवर निघोजचे रांजणखळगे आहेत. तशा बेसॉल्टच्या तळात पाणी फक्त भेगांमधून जातं, वाळूचे नियम तिथे लागू नाहीत.

पातळीचा फरक मिलिमीटरांचा असतो, म्हणून तापमानही घ्या. उन्हाळ्याच्या दुपारी जिथे पाणी वर येतं तिथला तळ गार लागतो, जिथे खाली शिरतं तिथे नदीची ऊब खोलवर जाते. लोकांनी पिण्यासाठी खणलेले झिरेही नकाशावर घ्या. माझ्या पट्ट्यात ते जवळजवळ सगळे उंचवट्यांच्या खालच्या अंगाला होते. वाळू उपसलेल्या भागात मात्र एकही झिरा नव्हता. उंचवटा गेला, वाळूचा थर गेला, उरलेल्या खड्ड्यात बारीक गाळ बसला. ते बघून मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

छेद पावसाळ्यानंतर पुन्हा काढायचा. ऑक्टोबरात मी परत गेले, तेव्हा गोट्यांचा उंचवटा सात पावलं खाली सरकला होता आणि माझ्या पहिल्या नळीच्या जागी कमरेएवढा डोह होता.