युस्थेनोप्टेरॉनची प्रतिकृती: विज्ञान प्रदर्शनासाठी

हा मासा सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या मिग्वाशाचा. मोठा नमुना १८० सेमीपर्यंत भरतो, म्हणून एक-चतुर्थांश प्रमाणात ४५ सेमीची प्रतिकृती करावी. टेबलावर नीट मावते.

१६ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ ठेवा आणि तिच्यावर वर्तमानपत्र दोऱ्याने घट्ट गुंडाळा. सर्वांत जाड भाग ८ सेमी पुरे. लगद्यासाठी १० मोठे कागद रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढा, पिळा, त्यात १५० ग्रॅम फेविकॉल आणि १०० ग्रॅम शाडूची पूड मळा. ठाण्याच्या पावसाळ्यात गव्हाची खळ वापरू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. थर ५ मिमीचाच द्या. त्याहून जाड झाला की वरून सुकतो, आत ओला राहतो आणि मग तडकतो. प्रत्येक थर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या.

शेपटी बहुतेकांची चुकते. बांगड्यासारखी दुभंगलेली करू नका: मणक्याची रेषा थेट टोकापर्यंत जाते, म्हणून वर एक, खाली एक आणि मधे टोकदार असे तीन भाग दिसायला हवेत. पाठीवरचे दोन्ही पर मागच्या अर्ध्यात, दुसरा बरोबर गुदपराच्या (पोटाखालच्या, शेपटीजवळच्या पराच्या) वर.

खवले गोल. शेवटचा थर अर्धवट ओला असताना स्ट्रॉ तिरपी धरून शेपटीकडून डोक्याकडे ठसे उमटवा, ओळ सोडून ओळ सरकवत. डोक्यावर खवले नको, तिथे हाडांच्या पट्ट्यांच्या रेघा सुईने ओढा.

खरा जीव मात्र छातीच्या परात आहे. बाजारातल्या जिताड्याचा पर उचलून पाहा: नुसते काटे आणि पातळ पडदा. इथे बुडाशी मांसल देठ आहे आणि त्यात आपल्या हातासारखीच मांडणी: आधी दंडाचे एक हाड, पुढे दोन. हे दाखवायला शाडूचा वेगळा, २० सेमीचा उघडा पर करा. हाडे वेगवेगळी घडवून, सावलीत वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवा. आत तार घालू नका. शाडू आकसतो, तार आकसत नाही, आणि हाड मधेच चिरते.

रंग जीवाश्मांवरून कळत नाही, तपकिरी-हिरवा देऊन फलकावर ‘रंग अंदाजे’ असे लिहा. जुन्या चित्रांत हा मासा काठावर सरपटतो; आता तो पूर्णपणे पाण्यातलाच शिकारी मानतात. त्यामुळे वाळूचा काठ करू नका, पोटाखाली जाड तारेचा स्टँड लावून तो तरंगता ठेवा.